गवताला एकच आकडा नसतो



 या विज्ञान अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून जेवणाची सुटी होण्याआधी मला बरेच गवत कापायचे आहे.

बारामतीत उसावर बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. दर, उतारा, तोडणी, एकरी टन, ठिबक, खोडवा आणि अलीकडे इथल्या कृषी विज्ञान केंद्रातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग या विषयांवर इथला दहावीतला मुलगाही मला शिकवील. माझा धंदा वेगळा. मी आयुष्यभर मुळांची टोके चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजत बसलो. त्यामुळे ऊस माझ्या लेखी आधी गवत आहे आणि मग नगदी पीक. ज्वारी, बाजरी, मका, गहू, हरळी, कुसळी आणि बांधावरचे मारवेल ही सगळी त्याचीच भावकी. या भावकीचा एक स्वभाव वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून नीट पोचत नाही. पुस्तकात प्रत्येक जातीपुढे गुणसूत्रांचा एक आकडा छापलेला असतो आणि विद्यार्थी तो पाठ करतो. गवतांच्या बाबतीत तो आकडा पुष्कळदा अर्धसत्य असतो. एकाच जातीच्या दोन ठोंबांत गुणसूत्रांची संख्या वेगळी निघते, डीएनएचे प्रमाण वेगळे निघते, आणि आपले शेतीशास्त्र व आपली माळराने दोन्ही या वेगळेपणावर उभी आहेत. आपण मात्र ते मोजायचे सोडून दिले आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण ते उदाहरणांशिवाय पटणार नाही.

आधी बाजार समितीच्या आवारात दिसणारी धान्ये घेऊ. बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, ज्वारीच्या २०, मक्याच्याही २०, तांदळाच्या २४, खपली गव्हाच्या २८ आणि चपातीच्या गव्हाच्या ४२. यावरून कोणी म्हणेल, आकडा मोठा तिथे डीएनए जास्त. तसे नाही. परागकणातून जाणाऱ्या अर्ध्या वाट्याचा हिशेब केला तर ज्वारीत सुमारे ७३ कोटी अक्षरांचा डीएनए भरतो आणि तितकीच गुणसूत्रे असलेल्या मक्यात सुमारे २३० कोटींचा. बाजरीत गुणसूत्रे ज्वारीपेक्षा कमी, पण डीएनए सुमारे १८० कोटी अक्षरांचा. तांदूळ ४० कोटींच्या आसपास आणि गहू १६०० कोटींच्या. मक्याच्या या फुगवट्याचा मोठा भाग जागा बदलत फिरणाऱ्या, स्वतःच्या नकला काढणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचा आहे. हे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातच शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे वजन हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. आज मी दोन्हींबद्दल बोलणार आहे, पण पहिल्यावर रेंगाळणार आहे.

आता ऊस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला, आणि या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी आले. त्या काळी दख्खनच्या कालव्यांवर पुंड्या ऊस असे. जाड, मऊ, रसाळ, चोखायला गोड, आणि रोगाला तितकाच नाजूक. हा जाड उसाचा गट, वनस्पतिशास्त्रातला सॅकरम ऑफिसिनॅरम. याचा आकडा मात्र ठाम आहे: ८०. दहा-दहा गुणसूत्रांचे आठ संच. गवतांच्या भावकीत इतका शिस्तीचा माणूस विरळा.

त्याचा रानटी चुलतभाऊ अगदी उलट. नीरा-भीमेच्या काठी, ओढ्यांच्या कडेला, पावसाळा सरता सरता पांढरे तुरे फुलवणारा काश आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचे शास्त्रीय नाव सॅकरम स्पॉन्टेनियम. पंजे आणि बाबू या दोघा भारतीय शास्त्रज्ञांनी देशोदेशींचे काश गोळा करून त्यांची गुणसूत्रे मोजली आणि १९६० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच जातीच्या या गवतात ४० पासून १२८ पर्यंत गुणसूत्रे असतात, आणि हे आकडे नकाशावर वाटेल तसे विखुरलेले नसून भूगोलाशी जुळतात, असे त्यातून पुढे आले. भारतातल्या काशात ६४ हा आकडा पुष्कळदा भेटतो, तर जावाच्या काशात ११२. एका जातीत तिपटीहून जास्त फरक. दोन माणसांच्या पेशींत असा फरक असता तर आपण त्यांना एका प्राणिसंग्रहालयातही ठेवले नसते.

इथे अजून एक गंमत आहे, आणि ती गेल्या काही वर्षांतच उलगडली. काशाच्या एका संचात ८ गुणसूत्रे, असे फार काळ मानले जात असे. म्हणजे ६४ वाला काश आठ संचांचा, जाड उसासारखाच. पण ४० वाल्या काशाचा डीएनए वाचला तेव्हा तो दहा-दहाच्या चार संचांचा निघाला. ५४ वाल्यात नऊ-नऊचे सहा संच आहेत. याचा अर्थ या जातीच्या आतच मूळ संच दहावरून नऊवर आणि आठवर आला. जुनी गुणसूत्रे तुटली आणि त्यांचे तुकडे इतरांना जोडले गेले. डीएनए फारसा हरवला नाही, बांधणी बदलली. जात एक, आणि तिच्यात संचांची संख्या बदलते, संचाचे मापही बदलते.

या बेशिस्तीतूनच आजचा ऊस जन्मला. कोइमतूरला ऊस पैदास केंद्र १९१२ मध्ये निघाले. शास्त्रज्ञ बार्बर आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनी तिथे ‘वेल्लाई’ या जाड उसाचा संकर तिथल्याच रानटी काशाशी केला. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या हाती गेला. आता त्याची बेरीज करू. जाड उसाचे ८०, काशाचे ६४. आई-बापांकडून प्रत्येकी अर्धे यायचे, म्हणजे ४० आणि ३२ मिळून ७२. प्रत्यक्षात को २०५ मध्ये ११२ गुणसूत्रे आहेत. म्हणजे ८० अधिक ३२. काशाने आपला अर्धा वाटा दिला आणि जाड उसाच्या मादीने सगळेच्या सगळे देऊन टाकले. ही गोष्ट जावामध्ये काम करणाऱ्या ब्रेमर या डच पेशीशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिली. जावातल्या डोंगरउतारावर आपोआप झालेला ‘कासूर’ नावाचा संकर होता. त्याची आई जाड उसाची, ८० गुणसूत्रांची, आणि बाप तिथला ११२ गुणसूत्रांचा काश. कासूरमध्ये गुणसूत्रे १३६, म्हणजे पुन्हा ८० अधिक ५६. मादी असे का करते, याविषयी पेशीशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अर्धीकरण फसते असे काही म्हणतात, तर अर्धीकरणानंतर गुणसूत्रे परत दुप्पट होतात असे काहींचे मत आहे. पैदासकाराला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला एवढे कळले की साखर देणारी आई एकाच फेरीत जवळजवळ पुरी परत मिळते आणि काशाचा काटकपणा मात्र हाती राहतो.

कासूरच्या वंशातून पीओजे २८७८ हा वाण आला, आणि त्याने दख्खनच्या कालव्यांवरून पुंड्याला हटवले. पीओजे २८७८ आणि को २९० यांच्या संकरातून को ४१९ आला, ज्याचे नाव आपल्या आजोबांच्या पिढीला वडिलोपार्जित जमिनीच्या गट नंबरासारखे पाठ होते. त्यापुढे को ७४०. त्यानंतर को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचे अपत्य को ८६०३२. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ते महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने दिले आणि गेली पंचवीस-तीस वर्षे राज्याच्या उसाचा फार मोठा भाग त्यानेच व्यापला. आणि मग फुले २६५. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, वालचंदनगर ही या परिसरातली ऊसपट्ट्याची नावे घ्या. त्यांच्या वजनकाट्यावरून जो ऊस गेला, त्याच्या प्रत्येक पेशीत नदीकाठच्या त्या पांढऱ्या तुऱ्याच्या गवताचा वाटा होता.

तो वाटा किती, हेही आता माहीत आहे. फ्रेंच संशोधिका अँजेलिक द’ओं आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उसाच्या गुणसूत्रांना दोन रंग दिले. जाड उसाकडून आलेली एका रंगात, काशाकडून आलेली दुसऱ्या रंगात. आजच्या वाणांत साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. त्यांतली बहुतेक जाड उसाची, दहा ते वीस टक्के काशाची, आणि काही अशी की ज्यांत दोघांचे तुकडे एकमेकांना जोडलेले. दोन रंगांची ती गुणसूत्रे पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठलो नव्हतो, हे कबूल करतो.

एका जनुकाच्या आठ-दहा प्रती एका पेशीत असणे म्हणजे काय? कल्पना करा, एका मठात एकच पोथी दहा जणांनी उतरवून ठेवली आहे, आणि प्रत्येक प्रतीत थोडाथोडा पाठभेद आहे. एखादी प्रत वाळवीने खाल्ली तरी ग्रंथ बुडत नाही. पण शुद्ध पाठ कोणता हे ठरवायला बसलेल्या संपादकाचे केस पांढरे होतात. उसाचा जीनोम वाचणाऱ्यांचे नेमके तसेच झाले. तांदळाचा जीनोम २००० च्या दशकात पुरा वाचून झाला. काशाचा २०१८ मध्ये आला, आणि तोही अर्ध्या गुणसूत्रांची खास रोपे वापरून. लागवडीखालच्या उसाचा, आर ५७० या वाणाचा, बारकाईने वाचलेला पाठ २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. त्यात सुमारे ८७० कोटी अक्षरे जुळवलेली आहेत. उसाच्या पेशीतला सगळा डीएनए सुमारे १००० कोटी अक्षरांचा आहे. माणसाच्या पेशीत दोन्ही संच मिळून ६२० कोटी भरतात. चरकात पिळल्या जाणाऱ्या या गवताला कमी लेखू नका.

बेणे लावताना आपण टिपरी लावतो, म्हणून आकडा टिकतो. तुऱ्यातून बी धरून रोपे केली की प्रत्येक रोपात गुणसूत्रांची संख्या थोडी वेगळी पडते. पैदासकार हजारो रोपे वाढवून त्यांतली मूठभर ठेवतो, त्याचे अर्धे कारण हे आहे. आणि टिपरीही पूर्ण भरवशाची नाही. हवाईतल्या संशोधकांनी १९७१ मध्ये एच ५०-७२०९ या वाणाबद्दल लिहिले होते की एकाच झाडाच्या पेशींत १०८ पासून १२८ पर्यंत गुणसूत्रे मिळतात. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने रोपे केली, तर ती एकसारखी येतील कशी? या वेगळेपणाचा फायदाही घेता येतो. को ९४०१२, आपल्याकडचा ‘फुले सावित्री’, हा कोसी ६७१ च्या ऊतिसंवर्धित रोपांत आपोआप पडलेल्या फरकातून निवडलेला वाण आहे. पण जिथे तुम्हाला फरक नको असतो, तिथे तोच फरक नुकसान करतो. ऊतिसंवर्धनाची रोपे विकणाऱ्यांनी मातृरोपांची गुणसूत्रे मधूनमधून तपासली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बेण्याची शुद्धता केवळ पानाच्या रंगावरून आणि डोळ्याच्या आकारावरून ठरवण्याचे दिवस गेले.

एका बाईंचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जाणार नाही. एडवलेथ कक्कट जानकी अम्मल, जन्म १८९७, केरळातल्या थलश्शेरीच्या. १९३० च्या दशकात त्या कोइमतूरच्या केंद्रात होत्या. काशाची गुणसूत्रे मोजण्याचे पायाभूत काम त्यांचे. उसाचा संकर मक्याशी करून दाखवण्याचे धाडसही त्यांचेच. पुढे इंग्लंडात सिरिल डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला, जो १९४५ मध्ये निघाला. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याचा पुतळा चौकात उभा राहायला सहा महिने लागतात. जानकी अम्मलांच्या नावाची एक प्रयोगशाळा या ऊसपट्ट्यात असायला हरकत नव्हती.

त्यांचे एक छोटे काम मला सर्वांत आवडते. दख्खनमध्ये एक रानज्वारी उगवते, सॉर्गम पर्प्युरिओसेरिसियम नावाची. तिच्यात नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज काही जादा गुणसूत्रे असतात, ज्यांना बी-गुणसूत्रे म्हणतात. १९४० मध्ये जानकी अम्मलांनी ‘नेचर’मध्ये कळवले की ही जादा गुणसूत्रे झाडाच्या वाढीत गळून जातात. मुळात मोजली तर ती सापडत नाहीत, फुलोऱ्यात मोजली तर सापडतात. म्हणजे एकाच ताटाच्या दोन टोकांना दोन आकडे. पुढच्या पिढीत जाण्यासाठी परागकणात आणि बीजांडात हजर राहायचे आणि बाकी झाडाला भार द्यायचा नाही, हा त्यांचा डाव. ‘या झाडात गुणसूत्रे किती?’ असे विचारणाऱ्याला उलट विचारावे लागते, ‘कुठली? मुळातली की कणसातली?’

आता बांधावर येऊ. हरळीला शेतकरी वर्षभर शिव्या देतो. उसात, द्राक्षात, डाळिंबात ती कितीही खुरपा, परत उठते. आणि भाद्रपदात तिचीच एकवीस पाती निवडून तो गणपतीला वाहतो. या हरळीत १८ गुणसूत्रांचे ठोंब आहेत, ३६ चे आहेत, आणि मधले २७ चेही सापडतात. क्रिकेटच्या मैदानावर आणि गोल्फच्या हिरवळीवर जी मखमली हरळी दिसते ती बहुधा २७ वाली असते. ३६ वाली आपली हरळी आणि १८ वाली आफ्रिकेतली एक बारीक हरळी, यांच्या अमेरिकेतल्या टिफ्टन इथल्या संकरातून ती आली. तीन संचांमुळे ती वांझ असते, बी धरत नाही, म्हणून तिची हिरवळ एकसारखी राहते. यातल्या सर्वांत नावाजलेल्या वाणाचा क्रमांक ४१९ आहे. आपल्या को ४१९ शी त्याचा काही संबंध नाही, पण ऊसपट्ट्यात बोलताना हे सांगितल्याशिवाय राहवले नाही.

वांझपणाचा असाच उपयोग आपल्या दूधधंद्यात रोज होतो आहे. यशवंत, जयवंत ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली गवते गोठ्यागोठ्याला आहेत. ती बाजरी आणि नेपियर म्हणजे हत्ती गवत यांचे संकर आहेत. बाजरी १४ ची, नेपियर २८ चे, संकर २१ चा. तीन संच, म्हणून बी नाही, म्हणून ठोंब किंवा कांड्या लावायच्या. कोल्चिसिन नावाचे औषध वापरून या संकराची गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे ४२, केली की तो बी धरू लागतो. शेतकऱ्याला ‘बी का विकत मिळत नाही?’ हा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर या २१ च्या आकड्यात आहे. कृषी सहायकांनी ते सांगितले तर शेतकऱ्याला समजणार नाही असे मानू नये. ज्याला उसाच्या एफआरपीचे, म्हणजे किमान दराचे, सूत्र समजते, त्याला हेही समजते.

इथून पुढे माझ्या खऱ्या चिंतेचा विषय. बारामती-इंदापूर म्हणजे केवळ ऊस नव्हे. कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढत नाही, तिथे माळ आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, पण तिथे चिंकारा आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, जिथे आता गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली आहे. लांडगे, खोकड, धाविक पक्षी, चिंकारा, आणि मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर, हे सगळे ज्यावर जगतात ते गवत कोणते? मारवेल, कुसळी, पवना, अंजन, डोंगरी. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचे मुंबई इलाख्यातील गवतांवरचे पुस्तक १९३५ चे आहे. आजही गवत ओळखायचे तर आपण त्याच वाटेने जातो, कणीस आणि तुसे पाहून. त्यातून नाव कळते. पण मारवेल म्हणजे एक गवत नव्हे. त्यात २० गुणसूत्रांचे आहे, ४० चे आहे, ६० चे आहे. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

आणि हा फरक केवळ मोजदादीचा नाही. २० वाले मारवेल फलनाने बी धरते, म्हणून त्याचे प्रत्येक बी वेगळे. ४० वाले बहुतेक वेळा फलनाशिवाय, आईच्या पेशीतूनच बी तयार करते. ते बी म्हणजे आईची नक्कल. ओक्लाहोमातले हार्लन आणि द वेट यांनी १९६० च्या दशकात या गवतांचा पुष्कळ अभ्यास केला. हे बहुगुणित, म्हणजे दोनापेक्षा जास्त संचांचे, प्रकार शेजारच्या जातींकडून जनुके उचलून आणतात आणि मग बिनफलनाच्या बियांनी त्यांचा प्रसार करतात, असे त्यांनी मांडले. अंजनही बहुतेक ३६ चे आणि तसेच बिनफलनाचे. आता विचार करा. पाणलोटाच्या कामात किंवा माळाच्या पुनरुज्जीवनात आपण कुठूनतरी ‘मारवेलचे बी’ किंवा ‘अंजनचे बी’ आणतो आणि टेकडीवर फोकतो. ते जर एका ठोंबाच्या नकला असतील, तर सगळी टेकडी एका झाडाची झाली. एखादा रोग आला, एखादे साल फार वाईट गेले, तर सगळी एकदम जाईल. आणि तिथे मुळात २० वाले गवत असेल, तर दोघांच्या संकरातून तीन संचांची, बहुधा वांझ, रोपे निघतील आणि मूळ गवताचे बी वाया जाईल. कागदावर मात्र लिहिलेले असेल, ‘मारवेल लावले, क्षेत्र इतके हेक्टर’. हे काम करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण नाव पाहून बी आणणे पुरेसे नाही.

अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानात आपल्या कुसळी-मारवेलच्याच कुळातले एक मोठे गवत आहे, अँड्रोपोगॉन जेरार्डाय. त्यात ६० आणि ९० गुणसूत्रांचे ठोंब आहेत. मैदानाच्या कोरड्या पश्चिम बाजूला ९० वाले जास्त भेटतात. कोरडेपणा आणि आकडा यांचा तिथे संबंध दिसतो. आपल्याकडे? नीरेकाठचा ओलसर बांध आणि कडबनवाडीचा मुरमाड माळ यांच्यातले अंतर फार नाही, पण पाण्याचा फरक केवढा! त्या दोन टोकांच्या मारवेलचे आकडे शेजारी-शेजारी मांडले, तर शोधनिबंधापुरते उत्तर नक्की मिळेल.

डीएनएच्या प्रमाणाबद्दल थोडक्यात. पेशीशास्त्रज्ञ मायकेल बेनेट यांनी १९७० च्या दशकात दाखवले की पेशीत डीएनए किती आहे, त्यावर पेशीचा आकार आणि विभाजनाला लागणारा वेळ अवलंबून असतो. त्या डीएनएत जनुके कोणती आहेत हा प्रश्न वेगळाच. जास्त डीएनए उतरवून काढायला जास्त वेळ. मक्याच्या एकाच जातीत हे स्पष्ट दिसते. डोंगराळ, थंड भागातल्या जुन्या वाणांत डीएनए कमी असतो, कारण थोड्या दिवसांच्या हंगामात लवकर फुलोरा यायचा तर पेशींना घाई करावी लागते. ज्या माळावर पाऊस दीड-दोन महिने पडतो आणि मग जमीन तापते, तिथल्या वर्षायू गवतांना अशी घाई असणारच. त्यांच्यावर कोणी काम केले तर मला आनंद होईल.

आता ते कसे करायचे, हे सांगून मी थांबतो. पदवीच्या प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्याला कांद्याच्या मुळाचे टोक देतो. तो १६ गुणसूत्रे मोजतो, आकृती काढतो, सही घेतो आणि घरी जातो. ती १६ आधीच लाखो विद्यार्थ्यांनी मोजलेली आहेत. कांद्याशी माझे वैर नाही, पण त्यानंतरची प्रात्यक्षिके गवताची असावीत. सुरुवात बाजरीने करा, कारण तिची १४ गुणसूत्रे मोठी आणि मोजायला सोपी आहेत. मग हरळी, मग मारवेल, आणि हात बसला की काश. ठोंब वाळूत लावा, सकाळी कोवळ्या मुळ्या काढा, पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या पाण्यात ठेवून विभाजन थोपवा, अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात टिकवा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करा, ॲसिटोकार्मिनने रंगवा आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबा. यातले सगळे साहित्य आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. नसेल तो फक्त धीर, कारण चांगला ठसा मिळेपर्यंत बऱ्याच काचपट्ट्या वाया जातात. ज्यांना गुणसूत्रे जमत नाहीत त्यांनी पानावर नखांच्या पॉलिशचा पातळ थर देऊन पर्णरंध्रांचे ठसे घ्यावेत. बहुगुणित गवतात रक्षक पेशी बहुधा मोठ्या असतात, त्यामुळे निदान संशयित ठोंब वेगळे काढता येतात. डीएनएचे वजन करायचे यंत्र महाग आहे. ते प्रत्येक महाविद्यालयाने घेऊ नये. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेसारख्या मोठ्या संस्थांकडे नमुने घेऊन जावे आणि सहकार्य मागावे.

मात्र एक पथ्य पाळा. ज्या ठोंबाची गुणसूत्रे मोजली, तो वाळवून त्याचा नमुना ठेवा. त्यावर गाव, जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीचा प्रकार, तारीख आणि आकडा लिहा. नमुन्याशिवायचा आकडा निरुपयोगी असतो, कारण पुढच्या माणसाला त्या गवतापर्यंत पोचता येत नाही. आणि जिवंत ठोंब जमला तर महाविद्यालयाच्या आवारात एका वाफ्यात लावून ठेवा.

म्हणून माझी तीन ठिकाणी विनंती आहे. प्राचार्यांनी दरवर्षी प्रकल्पाच्या विद्यार्थ्यांतले चार-पाच तरी गवतावर घालावेत. वन विभागाने आणि पाणलोट संस्थांनी माळावर गवत लावण्याआधी बियाण्याचे मूळ ठिकाण नोंदवावे आणि जवळच्या माळावरचे बी आधी वापरावे. साखर कारखान्यांनी आपल्या ऊस विकास निधीतून नदीकाठच्या काशाचे ठोंब गोळा करून जपण्यासाठी थोडा पैसा बाजूला काढावा. को २०५ पासून आजपर्यंतचा प्रत्येक ऊस त्या गवताच्या उपकारावर उभा आहे, आणि उद्याचा दुष्काळ सोसणारा ऊसही तिथूनच येण्याचा संभव आहे. नदीकाठ खणले जात आहेत, वाळू जाते आहे, बांध सपाट होत आहेत. काश चिवट असला तरी त्याचा एखादा दुर्मीळ आकड्याचा ठोंब गेला, तर तो परत आणता येत नाही.

पुढच्या अधिवेशनाला याल तेव्हा दोन्ही तालुक्यांतल्या गवतांची यादी घेऊन या. प्रत्येक नावापुढे गाव आणि गुणसूत्रांची मोजलेली संख्या असू द्या. यादी लहान असली तरी चालेल, आणि पहिले नाव हरळीचे असले तरी चालेल.